संदर्भाचा लाल शिक्का

"अहो मॅडम, चित्रांच्या पुस्तकांवर 'संदर्भ'चा शिक्का?" शिपायाने विचारलं.

"महाग पुस्तकं आहेत. घरी गेली की फाटतात," मी म्हटलं आणि पुढचा शिक्का आणखी जोरात मारला. संदर्भाचं पुस्तक ग्रंथालयाबाहेर जात नाही. चाळीस होती, चाळीसच्या चाळीस अडकवली.

खरं कारण माझ्या पोटात दुखत होतं. कॉलेजात येऊनही धड वाचता न येणाऱ्या मुलांचा वाचनवर्ग मी अकरा वर्षं घेतला. चार डोकी यायची, त्यातलं एक पंख्याखाली झोपायला. मग ग्रंथालयात ही नवी सहायक आली, कॉमिक्सची खोकी घेऊन. प्राचार्यांनी वर्ग तिच्याकडे दिला आणि आता खुर्च्या पुरत नाहीत. मी अकरा वर्षं मॅडमच राहिले. ती आठवड्याभरात ताई झाली! नुसता जळफळाट होत होता माझा.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर 'मुकी' आली. माझ्या वर्गात वर्षभर बसून तिने एक ओळ धड वाचली नव्हती, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. हातात कॉमिक होतं.

"मॅडम, हे घरी नेऊ? आईला वाचून दाखवायचंय."

"तू? वाचून?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आधी मला दाखव बघू."

तिने बोट ठेवून सुरुवात केली. चित्रात एक म्हातारा दुकानासमोर उभा होता. त्याच्या तोंडच्या संवादाच्या फुग्यातल्या दोन ओळी तिने सरळ वाचल्या. तिसरीत अडखळली. "दु... दुरु..."

सवयीने शब्द सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात नवी माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"थांबा ना जरा," ती हळूच म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण थांबले. मुकीने चित्राकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या हातातल्या मोडक्या रेडिओकडे, मग पुन्हा शब्दाकडे. वर्षभर ती अडली की शब्द मीच सांगून टाकायचे. दर वेळी. वाटायचं, मदत करतेय.

"दुरुस्ती!" मुकी म्हणाली.

मी शिक्क्यावर काट मारली, बाजूला सही केली आणि पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

"शाब्बास," मी म्हटलं.

तिने मान वर केली. चेहरा नुसता फुलला होता. पण ती बघत होती माझ्या खांद्यावरून मागे, ताईकडे.