कुस्तोदियोला वर आणायचं होतं

आमच्या पेन्यानेग्रा गावात खाणीत मेलेल्या माणसाला दोनदा वर आणावं लागतं. पहिल्यांदा देह आणतात, तो सगळे मिळून. मग नऊ दिवसांची प्रार्थना संपली की त्याचा जीव आणायचा, आणि त्यासाठी एकच माणूस खाली जातो. खरं तर बायकोने जायला हवं. पण बाईला खाणीत पाऊल टाकायची बंदी, कारण खाण स्वतःच बाई आहे म्हणे, आणि भारी मत्सरी. हे सगळं पुरुषांनी ठरवलेलं. आम्ही दिवसभर बाहेर बसून कोळसा निवडतो, ते मात्र तिला चालतं.

तर जातो तो मेलेल्याच्या सगळ्यांत जवळचा. माणूस जिथे पडला तिथवर त्याने दिवा घेऊन उतरायचं. दोघांत काही राहून गेलं असेल तर तिथेच बोलून टाकायचं. मग नाव घेऊन हाक मारायची, इतकी मोठ्याने की बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकोला ऐकू यावी. पोटात काही ठेवून हाक मारली तर मेलेला येत नाही, खालीच बसून राहतो.

कुस्तोदियोच्या वेळी त्याच्या बायकोने, ओतिलियाने, माझ्या भावाला जायला सांगितलं.

माझा भाऊ बेलार्मिनो सान्ता रीता खाणीचा मुकादम. कुस्तोदियोच्या पोरीला, नेल्सीला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानेच हातात धरलं होतं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे झाले, आणि ओतिलिया त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं. सख्खा भाऊ देव देईल तसा घ्यावा लागतो, माझ्याकडे बघा. कोंपाद्रे आपण पारखून घेतलेला असतो, म्हणून त्याच्यावर जास्त भरवसा.

गावाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आजोबांच्या वेळी इथे बटाटा आणि मेंढरं होती. बटाटा खणताना काळा दगड लागायचा, तो थंडीत चुलीत घालायचे. मग खाली खोऱ्यात पोलादाचा कारखाना आला आणि त्याला आमचाच दगड हवा झाला. लोकांनी दुकान उघडावं तसं आपापल्या उतारावर एकेक भोक उघडलं. त्या पैशाने चर्चला नवा मनोरा आला, मुलांना बूट आले, आणि दर दोन-चार वर्षांनी एखादी शवपेटीही आली. कारखाना पुढे रोडावला, पण भोकं राहिली. आता ट्रक येऊन माल घेऊन जातात आणि आमच्या डोंगराला घुशींनी पोखरलेल्या बांधाची कळा आली आहे. सान्ता रीताच्या तोंडाशी माझी खानावळ आहे. सकाळी मक्याच्या जाड भाकऱ्या, म्हणजे अरेपा, आणि गुळाचं गरम पाणी, दुपारी बटाट्याचं सूप. सूप पातळ असतं अशी तक्रार करणारे रोज दोन वाडगे पितात.

रविवारी खाण बंद, पंखाही बंद. खाली मेलेली हवा साचते. तिला वास नाही, रंग नाही. माणूस तिच्यात बसतो आणि झोपतो. म्हणून सोमवारी मुकादमाने आधी पंखा लावायचा, मीटर घेऊन स्वतः उतरायचं, हवा बघायची आणि मगच माणसं सोडायची. त्या सोमवारी कुस्तोदियो इतरांच्या आधी उतरला. बाकीचे आले तेव्हा तो लाकडी टेकूला पाठ लावून बसलेला सापडला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

सरकारी साहेब आले. बेलार्मिनोने त्यांना सांगितलं, "मी येण्याआधीच ते उतरले होते." साहेबांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कुस्तोदियोला घाई नडली.

आमच्या गावात दारुड्याला माफी आहे, आळशालासुद्धा आहे. खाणीत घाई करणाऱ्याला नाही, कारण तो दुसऱ्यालाही घेऊन मरतो. प्रार्थनेला लोक आले, गुडघे टेकून जपमाळ ओढली, पण कॉफी पिताना एकमेकांना म्हणत होते, "एवढा जुना माणूस, आणि असली चूक!" शाळेत कुणीतरी नेल्सीला तेच ऐकवलं. तिने त्याच्या दंडाला चावा घेतला आणि मग घरी येऊन आईला विचारलं, "बाबांना कसली घाई होती?"

 ओतिलियाने फुलांच्या आड ठेवलेल्या नवऱ्याच्या फोटोवर राग काढला. रोज प्रार्थना संपली की ती त्याच्यासमोर उभी राहायची आणि सगळ्यांदेखत बोलायची, "सांगा ना पोरीला. मला तर सांगितलं नाहीत. कुठे गाडी सुटत होती तुमची?"

बेलार्मिनो तिथेच भिंतीशी बसलेला असायचा. त्याच्या कपातली कॉफी गार व्हायची.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी बटाटे सोलत होते. त्याने सुरी घेतली, एक बटाटा सोलला, आणि सोलतच राहिला, पार बोराएवढा होईपर्यंत.

"अरे, सूप करायचंय," मी म्हटलं. "बटाट्यावर कसला राग काढतोस?"

"सातुरिया, त्याने विचारलं होतं."

"कुणी?"

"कुस्तोदियोने. मी तुझ्या चुलीशी शेकत बसलो होतो, तू मागे भांडी घासत होतीस. तो दारातून म्हणाला, कोंपाद्रे, हवा बघितली का? मी म्हटलं, बघितली. तो म्हणाला, नीट बघितली ना? काल बिअर जरा जास्तच झाली होती तुमची. मी म्हटलं, तुम्ही तर ओतिलियापेक्षा जास्त चौकशा करता. तो हसला आणि गेला."

"आणि बघितली नव्हतीस."

"थंडी होती. म्हटलं, पंखा लावलाय, हे गुळाचं पाणी संपवतो आणि जातो. रोज हवेत काही निघत नाही गं."

माझ्या हातातला बटाटा सुटून पाण्यात पडला. मी त्याला नाही नाही ते बोलले. आई असती तर तिने विळीच फेकली असती, हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"जाऊन सांग तिला," मी म्हटलं.

"सांगतो."

"आज सांग."

"आज नको. आज घरात माणसं आहेत."

घरात माणसं रोजच होती. उद्या उद्या करत त्याने सगळी प्रार्थना उरकली, आणि मी त्याची बहीण म्हणून तोंड शिवून बसले. ओतिलिया फोटोला बोलायची तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नसलेली भांडी विसळायची. ती माझा हात धरून म्हणायची, "सातुरियाबाई, तुमच्या भावाचा केवढा आधार आहे हो. सरपण काय आणून टाकतात, छप्पर काय नीट करतात." त्या धरलेल्या हाताचं काय करावं ते मला कळत नसे.

शेवटच्या दिवशी प्रार्थना संपल्यावर ती बेलार्मिनोसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात कुस्तोदियोची रुआना होती, ती जाड लोकरीची तपकिरी घोंगडी, जी तो जूनच्या थंड वाऱ्यात कानांवरून ओढून घ्यायचा.

"उद्या सकाळी तुम्हीच जायचं, कोंपाद्रे," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकायचे नाहीत. आणि एक काम करा माझं. हाक मारण्याआधी त्यांना चांगलं झापा. माझ्या नावाने झापा. म्हणावं, घरी बायको होती, पोरगी होती, आणि जरा दम निघाला नाही? काय उत्तर देतात ते मला येऊन सांगा. मला पोरीला सांगायचंय."

बेलार्मिनो "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

वाटेत मी त्याला गाठलं. "आता तरी?"

"उद्या खाली जाऊन त्याची माफी मागतो," तो म्हणाला. "त्याच्याशीच मिटवतो. तो समजून घेईल. तो वर आला की झालं. मग तिला कशाला उगाच?"

"म्हणजे मेलेल्याकडून माफी घेऊन जिवंत बाईला फसवणार?"

"मुकादमकी जाईल, सातुरिया. तुरुंगसुद्धा होईल. गावात तोंड दाखवता येणार नाही."

"त्याचं तोंड गावाने आधीच काळं केलंय. त्याचं काय?"

 माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणते, पण भित्रा आहे, आणि त्या नऊ दिवसांत मला वाईट माणूससुद्धा परवडला असता.

सकाळी धुकं होतं. बोगद्याच्या तोंडाशी आम्ही मोजकीच माणसं होतो: ओतिलिया, मी, आणि कोळशाचे डबे ओढणाऱ्या दोराचं यंत्र चालवणारा एलिएसेर. बेलार्मिनो मीटर घेऊन आत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. त्या दिवशी त्याने हवा किती वेळा बघितली! मला बघवेना. मग त्याने डोक्यावरचा दिवा लावला, खाणवाल्यांची राखण करणाऱ्या कार्मेनमातेच्या मूर्तीसमोर क्रूस केला आणि उतरू लागला. त्याचा उजेड उतारावर लहान होत होत वळणाआड गेला.

ओतिलिया रुआना दोन्ही हातांवर पसरून उभी राहिली. जीव वर येतो तेव्हा त्याला थंडी वाजत असते, म्हणून बायकोने त्याला आधी पांघरायचं असतं.

आम्ही कान देऊन थांबलो. खालून पाणी ठिबकत होतं, टेकू कुरकुरत होते. हाक आली नाही.

"वय झालं मुकादमांचं," एलिएसेर पुटपुटला. "दम लागला असेल."

ओतिलियाने त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प झाला. तिने रुआना खाली घेतली नाही. मी मनातल्या मनात माझ्या भावाला शिव्या देत होते आणि त्याच वेळी कार्मेनमातेला म्हणत होते, त्याला आवाज दे. कुठला आवाज, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी वळणावर उजेड दिसला. बेलार्मिनो वर आला आणि तोंडाबाहेर एका पावलावर थांबला. त्याच्या तोंडावरच्या काजळीत डोळ्यांखाली दोन ओघळ होते.

"हाक ऐकू आली नाही मला," ओतिलिया म्हणाली. "हळू मारलीत का?"

"मारलीच नाही."

"का?"

"कोणत्या तोंडाने मारू?"

तिला कळलं नाही. ती म्हणाली, "झापलंत ना पण? काय म्हणाले?"

"त्यांना झापण्यासारखं काही नाही. त्यांनी घाई केली नाही." बेलार्मिनोने हेल्मेट काढून हातात घेतलं. "त्यांनी मला विचारलं होतं, हवा बघितली का. दोनदा विचारलं. मी म्हणालो बघितली. मी बघितली नव्हती, कोमाद्रे. मी सातुरियाच्या चुलीशी शेकत बसलो होतो. आणि साहेबांना मी खोटं सांगितलं."

एलिएसेरने टोपी काढली. मला वाटलं, ओतिलिया आता माझ्या भावाला मारणार. मारावं असंही वाटलं. त्याने त्याला हलकं वाटलं असतं, मलाही. ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी मानेनेच हो म्हटलं. तिने माझ्याकडे फक्त क्षणभर बघितलं. मग आम्हा दोघांना तिथेच टाकून ती पुढे झाली, माझ्या भावाच्या शेजारून, थेट बोगद्याच्या तोंडाशी. पाऊल बाहेरच ठेवलं आणि आत वाकली.

"अहो!" तिने हाक मारली. "मी आहे. ऐकताय ना? चुकलं माझं. इतके दिवस तुमच्या फोटोला नको नको ते बोलले. लोक काय, बोलतातच. मी तरी खरं मानायला नको होतं. तुम्ही कधी सूपसुद्धा फुंकल्याशिवाय प्यायला नाहीत, आणि मी म्हणते घाई केलीत. माफ करा मला." तिने रुआना पुढे केली. "या आता वर. सावकाश या. काही घाई नाही."

बेलार्मिनो हेल्मेट छातीशी धरून उभा होता. जिने काहीच केलं नव्हतं ती माफी मागत होती, आणि ज्याने केलं होतं त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला त्याची कीव आली नाही. माझी स्वतःचीही आली नाही.

बऱ्याच वेळाने ओतिलियाने रुआना हवेत पांघरल्यासारखी केली, गळ्याशी तिच्या कडा जुळवल्या आणि हात तसाच कुणाच्या पाठीवर असावा तसा धरून गावाकडे वळली. एलिएसेर दोघांना वाट द्यावी इतका बाजूला सरला. चार पावलं गेल्यावर ती थांबली. मागे न बघता म्हणाली,

"चला, कोंपाद्रे. नेल्सी घरी आहे. तिला तुम्हीच सांगायचं."

बेलार्मिनोने माझ्याकडे बघितलं. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा, आणि मी जाऊन सांगायची की वाऱ्याने फुटली.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "जा."