राजाच्या गालावरचे ओरखडे

नाणं घासूनपुसून आणणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी आजवर इतका खेकसलोय, की गल्लीत माझं नावच 'हात लावू नका' पडलंय. दुकान जुन्या नाण्यांचं. राजा-राणीचे चेहरे भिंगातून बघायचे आणि भाव सांगायचा, हा माझा तीस वर्षांचा धंदा.

त्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानं जपलेलं एक नाणं विकून वहिनींना दोन्ही कानांची यंत्रं घ्यायची होती. समोरच्याचे ओठ बघून त्या भागवतात, पण नात फोनवर बोलते तेव्हा नुसत्या हसतात. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

नाणं प्लास्टिकच्या गोल डबीत होतं, आरशासारखं लखलखीत. नाण्यावर जे साल होतं, त्या सालापासून टांकसाळीनं राजाचा चेहरा बदलला होता. मुकुट गेला होता, गाल बसलेले दाखवले होते. ह्या नाण्यावर साल नवं, पण राजा मुकुटवालाच! जुना साचा चुकून लागलेली अशी नाणी बोटांवर मोजण्याइतकी असतात. खात्री करायला मी डबी उघडली. राजाच्या मानेखाली चित्रकाराच्या नावाची बारीक अक्षरं असतात, ती जुन्या चित्रकाराचीच निघाली. आनंदानं मला काही सुचेना. राजाच्या गालावर धुळीचा एक कण होता. मी तो शर्टाच्या बाहीनं पुसला.

जगाला शहाणपण शिकवणारा मी, आणि बाहीनं! भिंगाखाली गालभर केसासारखे ओरखडे दिसले. भाव तिथल्या तिथे पावपट झाला.

वहिनी कपाटातली नाणी बघण्यात गुंतल्या होत्या. त्या वळल्या तेव्हा खरं सांगायला माझी जीभच रेटेना.

"आधीच कुणीतरी पुसलंय," मी पुटपुटलो. "एका कानापुरतेही पैसे येणार नाहीत."

त्यांनी ते ओठांवरून बरोबर वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"डबीवरची धूळ मीच झटकायचे. आत गेली असेल का हो? हे मला सारखे ओरडायचे, तू हात लावू नकोस म्हणून."

मी डबीचं झाकण लावत राहिलो. भित्रेपणाला काही सीमा असते की नाही? नाणं माझ्याकडे ठेवून त्या गेल्या.

सकाळी दुकान उघडतोय, तोच वहिनी दादाच्या उरलेल्या नाण्यांचा डबा घेऊन हजर. हातात भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे.

"ह्या नाण्यांना अजिबात हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "मोजे घालूनच उचललाय. बघा, काही वाचलंय का माझ्या तावडीतून."

दोन गिऱ्हाइकं त्या मोज्यांकडे बघून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली मान घालून काहीतरी बोललो.

"भावोजी, तोंड वर करा. ओठ दिसत नाहीयेत मला."

मी मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मी पुसलं, वहिनी. काल, इथंच, ह्या बाहीनं. तुमचा काही दोष नाही. दोन्ही यंत्रं मी घेऊन देतो."

गिऱ्हाइकांचं हसू थांबलं. वहिनींनी एकेक बोट ओढत मोजे काढले आणि डब्यावर ठेवले.

"रात्रभर मी ह्यांची माफी मागत होते," त्या म्हणाल्या.