एका गोलपोस्टचा संघ

आमच्या कॉलेजच्या मैदानावर गोलपोस्ट एकच होता. दुसऱ्याच्या जागी नव्या ग्रंथालयासाठी आणलेली खडी, वाळू आणि सळ्या पडल्या होत्या. ग्रंथालय उभं राहीना आणि खडी हलेना. त्यामुळे वर्षभर सराव अर्ध्या मैदानात. दहाच्या दहा जण एकाच गोलात बॉल मारायचे आणि त्या गोलात उभा असायचो मी.

व्हायचं तेच झालं. सामन्यात जरा गोंधळ उडाला, की आमची पोरं माझं तोंड शोधायची आणि दिसलं की तिकडेच बॉल मारायची. पहिल्या सहा सामन्यांत आम्ही पाच गोल केले, पाचही माझ्यावर. समोरच्यांनी केलेले वेगळे. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! यात सगळ्यात पटाईत आमचा सेंटर फॉरवर्ड. तो रेफरीशी सतत वाद घालायचा, म्हणून त्याला वकील म्हणायचे. पाचांतले तीन गोल त्या एकट्याचे, आणि दर वेळी गडी हात वर करून आनंदाने धावत सुटायचा.

आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण माझी जर्सी घासता घासता एकदा ती वैतागून म्हणाली, "बाकीची पोरं कशी स्वच्छ घरी जातात. तूच एकटा चिखलात का लोळतोस?"

"त्यालाच काम जास्त असतं गं," ताई म्हणाली. ताईच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो, म्हणून मी जर्सी उचलून वाळत घालायला गेलो.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी आमच्या क्रीडाशिक्षकांना, म्हणजे सरांना, बोलावलं. मी सह्यांचा कागद घेऊन दाराबाहेर उभा होतो.

"जिंका असं मी म्हणत नाही," प्राचार्य म्हणाले. "तेवढा आशावादी मी नाही. पण वर्षभरात समोरच्यांवर एक तरी गोल? उद्या तो झाला नाही, तर संघ बंद. तुम्ही परीक्षा विभागात या. उत्तरपत्रिकांवर शिक्के मारायला माणूस हवाच आहे."

सर नुसतं "बरं" म्हणाले. गुडघा दुखत असूनही हा माणूस रोज आमच्याआधी मैदानावर हजर असायचा आणि मी झेप घेतली, की "कोपर आत!" म्हणून ओरडायचा. तो टेबलाशी बसून शिक्के मारणार, या विचाराने मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः खुर्ची टाकून बसले. शेवटचं मिनिट आलं तेव्हा त्यांचे चार, आमचे शून्य. (एक वकिलाचा. तो बोलून चालून त्यांच्याच खात्यात.) तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला आणि सर लंगडत रेषेपाशी येऊन माझ्यावर ओरडले.

"अरे, तू पुढे जा! त्यांच्या गोलात जाऊन उभा राहा. तुझं तोंड दिसलं, की वकिलाचा नेम चुकत नाही. त्याने मारला, की तू फक्त बाजूला हो!"

कल्पना नामी होती. मी जीव खाऊन धावलो आणि त्यांच्या गोलरेषेवर उभा राहिलो. त्यांचा गोलकीपर माझ्याकडे बघतच राहिला. कॉर्नर आला, गोलकीपर उडी मारून चुकला, आणि बॉल थेट वकिलाच्या पायाशी. वकिलाने वर पाहिलं. मी दिसलो. त्याचा चेहरा उजळला. असा फटका त्याने उभ्या जन्मात मारला नव्हता. वरचा कोपरा, गोलच गोल!

मी झेप घेतली आणि तो झेलला.

दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट. हंगामातला माझा सगळ्यात सुरेख झेल. जमिनीवर आपटल्यावर मला कळलं मी काय केलं ते. रेफरीने मला पिवळं कार्ड दाखवलं, वकील पहिल्यांदाच काही बोलला नाही, आणि लगेच शेवटची शिट्टी झाली. प्राचार्यांनी खुर्चीवरून उठून पँट झटकली.

मी बॉल घेऊन तसाच उभा होतो. मान वर करायची हिंमत नव्हती. सरांनी चार शिव्या हासडल्या असत्या, एखादी ठेवून दिली असती, तरी बरं वाटलं असतं.

सर आले. माझ्या हातातून बॉल घेतला, काखेत मारला.

"तीन वर्षं शिकवतोय तुला," ते म्हणाले. "आज कोपर आत ठेवलंस."