फोटोवरचं घड्याळ

नत्थूजींना जाऊन महिना होत आला, तरी त्यांची नाडी चालूच होती.

प्रताप नगरच्या ऑफिसात मयुराला ती रोज स्क्रीनवर दिसे. उमरेडच्या वयस्क लोकांना कंपनीने ज्याच्या-त्याच्या नावावर नोंदवलेली, नाडी मोजणारी घड्याळं दिली होती. नाडी बिघडली की डॉक्टरांकडे इशारा जाई. त्यातले खोटे आकडे निवडून फेकायचे, हे मयुराचं काम. या कामात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

तरी मेलेल्या माणसाची नाडी पाहून तिच्या अंगावर काटा आला. तीही अडखळणारी. मध्येच थांबायची, मग जिना चढून दमल्यासारखी घाईघाईने धावायची.

तिने नत्थूजींच्या बायकोला, रुख्मिणीकाकूंना फोन लावला.

"काकू, दोन्ही घड्याळं कुठे आहेत?"

"एक त्यायच्या फोटोले घातलं, एक माह्या हातात हाय. दोन्ही चार्ज करतो मी. काहून वं बाई, घेऊन जाता का?"

"नाही हो, असू द्या."

"राहू द्या. तेवढाच त्यायचा आधार वाटते."

मयुराचा जीव भांड्यात पडला. घड्याळ हिरवा उजेड टाकून नाडी शोधतं. काचेवर बांधलं तरी काहीतरी आकडा काढतंच. भूतबित काही नाही! नत्थूजींच्या नावापुढे तिने ‘मृत, आकडे खोटे’ असा शेरा मारला आणि डॉक्टरांकडे जाणारे इशारे बंद केले. काकूंची नाडी मात्र बहात्तर, शांत, एकसारखी. या वयात दृष्ट लागावी अशी. ती तिने बिनदिक्कत पास केली.

एका सकाळी नत्थूजींची नाडी थांबली. बॅटरी संपली असेल, असं तिने स्वतःला समजावलं, पण दुपारपर्यंत चैन पडेना. तिने काकूंना फोन केला. शेजारच्या ताराने उचलला.

"मावशी गेली वं बाई. सकाळी चहा मांडता मांडता पडली."

मयुराने स्क्रीनकडे पाहिलं. रुख्मिणीकाकू, बहात्तर.

"तारा, त्यांच्या हातात घड्याळ आहे?"

"हाय ना, काकाजीचं. ते गेले तवा बायांनी मावशीच्या बांगड्या उतरवल्या, त्यातच तिचं घड्याळही काढलं. मंग तिनं काकाजीचं हातात घातलं, अन् आपलं फोटोले."

मयुराच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभर काकूंचं हृदय मदत मागत होतं आणि तिने त्यालाच खोटं ठरवलं होतं. कुठलं घड्याळ फोटोला, एवढं विचारायचं तिला सुचलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

"बाई," ताराचा आवाज खाली आला, "फोटोवरचं अजून लुकलुक करून राहिलं. काढू का?"

"थांब, हात नको लावू."

"नाही लावला. मी दारातच उभी हाय."

स्क्रीनवरची ती शांत नाडी अडखळली. क्षणभर थांबली, आणि मग घाईघाईने धावू लागली.