बिनआवाजाचे खेळ

मुंगी पावणेचार वर्षांची झाली तेव्हा तिला वीसपर्यंत आकडे येत होते, सगळी अक्षरं ओळखता येत होती, आणि बटणं लावण्यापासून मटार सोलण्यापर्यंत कितीतरी कामं ती एका जागी बसून, दोन दोन तास, एकटी करत असे. हे सगळं तिच्या आईने तिला घरातच शिकवलं होतं. आणि शिकवताना एकही वस्तू वाजणार नाही, याची काळजी घेतली होती.

त्याला कारण होतं. आई एका मोठ्या रुग्णालयाचे फोन घरबसल्या घ्यायची, सकाळी आठ ते दुपारी चार. कुणाला डोळ्यांचे डॉक्टर हवे असायचे, कुणाला हाडांचे, कुणाला नुसतंच कुणाशी तरी बोलायचं असायचं. कानांवर हेडफोन चढवून ती सगळ्यांना गोड आवाजात वार आणि वेळ द्यायची. सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. देखरेखीच्या बाई त्यातले निवडक ऐकायच्या, आणि मागे कुकरची शिट्टी झाली, मूल रडलं, की नावापुढे एक फुली पडायची. तीन फुल्या झाल्या की घरून काम बंद. कचेरी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथे मूल चालत नव्हतं. मुंगीचा बाबा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्यातले पाच-सहा दिवस घरी, त्यातले अर्धे झोपेत. सासूबाई नणंदेच्या जुळ्यांपायी तिकडेच अडकलेल्या. म्हणजे फिरून फिरून घरात दोघीच.

मुंगी सव्वादोन वर्षांची असताना एकाच आठवड्यात दोन फुल्या पडल्या. एक, तिने स्टीलचा डबा फरशीवर टाकला म्हणून. दुसरी, खिडकीत फुलपाखरू आलं आणि ती आनंदाने किंचाळली म्हणून. आवाज बंद करायचं बटण होतं, नाही असं नाही. पण एक फोन ठेवावा तर दुसरा लागलेला असायचा, आणि घाईत बटण राहून जायचं. त्या आठवड्यानंतर आईने पदर खोचला.

स्टीलच्या वाट्या माळ्यावर गेल्या. लाकडी ठोकळ्यांच्या जागी तिने जुन्या चादरीचे, आत कापूस भरलेले ठोकळे शिवले. बटणं रंगांप्रमाणे लावायची ती चौघडी घातलेल्या रजईवर. मणी नकोत, ते घरंगळतात. चिकटपट्टीचे बूट नकोत, काढताना टर्रकन वाजतात. खडू करकरतो, मेणाचा खडू नाही. कणकेचा गोळा सगळ्यांत उत्तम. रोज संध्याकाळी ती दुसऱ्या दिवसाच्या सहा ताटल्या भरून ठेवायची, प्लास्टिकच्या, प्रत्येकीत एक काम. एक संपली की मुंगी उठून दुसरी घ्यायची. आकडे बोटांनी दाखवायचे. अक्षर विचारलं की त्याचं कार्ड उचलायचं. पुस्तकातली गाय कुठाय, तर गाईवर बोट. बरोबर असलं की आई फोनवर बोलता बोलताच दोन्ही हात उंचावून टाळी वाजवल्यासारखं करायची, तळवे एकमेकांना न लावता. मुंगीही तशीच टाळी वाजवायची.

आयांचा एक फोनवरचा गट होता, त्यात ती या ताटल्यांचे फोटो टाकायची. बाकीच्या आया हरखायच्या. आमच्या कारट्याला पाच मिनिटं बस म्हटलं तर घर डोक्यावर घेतो, तुझी मात्र साधूसारखी बसते गं, काय खाऊ घालतेस, असं एकीने लिहिलं होतं. ते वाचून आईला दिवसभर बरं वाटलं. तिला तरी बरं वाटायला दुसरं काय होतं.

आणि काही हवं असलं तर मुंगी ओठांनी सांगायची. समोर येऊन उभी राहायची, आईच्या तोंडाकडे बघायची आणि ओठ हलवायची. पाणी. शू. संपलं. आईही तिकडे कुणाला तरी सोमवारची वेळ देत असायची, तेवढ्यात दोन वाक्यांच्या फटीत ओठांनीच उत्तर द्यायची. पहिल्या महिन्यात असे दोन-तीन शब्द होते. वर्षभरात गोष्टीच्या गोष्टी व्हायला लागल्या. तिला स्वप्नात हत्ती आला होता, तो गुलाबी होता आणि त्याला बाबाचा ट्रक चालवता येत होता, हे सगळं आईला कळलं.

चारनंतर मोठ्याने बोलायचं, असं सुरुवातीला ठरलेलं होतं. काही दिवस पाळलंही. पण आठ तास परक्यांशी गोड बोलून आईचा घसा सोलवटून जायचा, कानांत घूं घूं व्हायचं. हेडफोन काढल्यावर कुणाचाही आवाज नको वाटायचा, स्वतःचासुद्धा. मग दोघी तशाच बसायच्या, ओठांनी बोलत. मुंगी मांडीवर असायची, घरात शांत असायचं. आईला वाटायचं, किती गोड चाललंय आपलं.

बाबाचा फोन रविवारी यायचा, चेहरा दिसणारा. मुंगी भरभरून सांगायची आणि बाबा वैतागायचा. "अगं, नुसतं तोंड हलतंय हिचं. माझी मुंगी होती, मासा कधी झाली?" तो म्हणायचा. आईचा आवाज मात्र त्याला स्वच्छ यायचा. गाडीच्या यंत्रात हात घालणारा माणूस, त्याने निदान करून टाकलं: माइकमध्ये कणीक गेली असणार, तू जवळून बोलतेस म्हणून तुझं येतं, तिचं येत नाही. घरी असताना मुंगी त्याच्याशी फारसं बोलायची नाही, ते त्याने आणि आईने दोघांनीही लाजण्यावर ढकललं होतं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या माणसाशी मूल लाजणारच. एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, आई मुंगीला घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेली.

मोबाइलवाला वयस्क होता, डोळ्याला भिंग लावून बसायचा. त्याने फोनच्या भोकात बारीक ब्रश फिरवला आणि कणीक नाही म्हणाला. मग रेकॉर्ड करायचं बटण दाबून फोन पुढे केला. आई सवयीने तिचं रोजचं वाक्य बोलली, नमस्कार, मी आपली काय मदत करू. त्याने ऐकवलं. वाक्य खणखणीत आलं होतं.

"झ्याक आहे की. आता बाळाला बोलू द्या."

मुंगीने फोनकडे बघितलं, मग आईकडे, आणि सांगितलं की तिला भूक लागली आहे आणि त्या काकांच्या डोळ्यात झाकण आहे. आईला हसू आलं. झालं, असं म्हणून तिने फोन परत दिला.

मोबाइलवाल्याने ऐकवलं. पंख्याचा आवाज आला. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. मग आईचं हसणं, आणि "झालं".

त्याने आवाज वाढवून पुन्हा लावलं. पंखा, स्कूटर, हसणं, झालं.

"ताई, ती बोललीच नाही," तो म्हणाला.

"बोलली की. तुमच्या डोळ्यात झाकण आहे म्हणाली."

मोबाइलवाल्याने भिंग काढून बाजूला ठेवलं. त्याने आधी मुंगीकडे आणि मग आईकडे बघितलं, आणि तिसऱ्यांदा काही त्याने लावलं नाही. तुमच्या फोनला काहीही झालेलं नाही, एवढंच तो हळू म्हणाला.

घरी येईपर्यंत आई मनात मागे मागे जात राहिली. काल? काल पाणी मागितलं, ते ओठांनी. गेल्या महिन्यात दारात बोट सापडलं तेव्हा? तेव्हा तोंड वेडंवाकडं झालं होतं, गालांवरून पाणी वाहत होतं. पण आवाज? आईच्या कानांवर हेडफोन होते. तिने धावत जाऊन उचललं होतं, आणि पलीकडच्या बाईंना एक मिनिट थांबायला सांगितलं होतं. आवाज आठवत नव्हता. शेवटचा कधी ऐकला, तेही सांगता येईना.

तिने फोनमधली जुनी चित्रफीत शोधून काढली. सव्वादोन वर्षांची मुंगी टबात बसून पाणी उडवत होती आणि ओरडत होती, चिरक्या, भसाड्या, उसळत्या आवाजात. आई, बघ. आई, बघ ना. आणि फोन धरणाऱ्या आईचा आवाज अगदी जवळून येत होता: हळू, राणी, शूऽ, हळू.

मुंगी शेजारी बसून डोळे मोठे करून बघत होती. संपल्यावर तिने आईचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि ओठांनी विचारलं, ही कोण?

बाबाला सांगितलं तेव्हा तो कुठल्याशा ढाब्यावर थांबला होता. मागे भांडी वाजत होती. त्याने विचारलं, रागाने नाही, खरंच न समजून: "पण तू रोज असतेस तिच्याजवळ. तुला कसं कळलं नाही?"

"मला ऐकू यायचं रे," आई म्हणाली.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, घसा तपासला. दोन्ही ठणठणीत. आवाज आहे, ती वापरत नाही, असं त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत; त्या ओरडल्या असत्या तर आईला सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं की मुलीला बोल म्हणायचं नाही. परीक्षा घ्यायची नाही, अडवून धरायचं नाही, ती ओठांनी बोलली तरी तिला उत्तर मिळालंच पाहिजे, मात्र मोठ्याने. घरात आवाज होऊ द्या, तिच्या वयाची पोरं येऊ देत, दर आठवड्याला घेऊन या. किती दिवस लागतील? ते मला सांगता येणार नाही, असं म्हणून त्यांनी मुंगीला एक शिट्टी दिली. मुंगीने ती उलटसुलट बघितली, तोंडात घातली, आणि इतक्या हळू फुंकली की आतली गोळी हललीसुद्धा नाही.

आईने दहा दिवसांची रजा घेतली. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, दहाच्या वर जाऊ नका, जागा धरून ठेवणं माझ्या हातात नाही. पहिल्याच दिवशी माळ्यावरून स्टीलच्या वाट्या खाली आल्या. आईने मुंगीच्या हातात पळी दिली आणि स्वतः एक ताट बडवून दाखवलं. मुंगी घाबरून कपाटामागे गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, ती रजई ओढत. तिने एकेक वाटी रजईवर नीट मांडली, लहान-मोठी, लहान-मोठी, आणि शाबासकीसाठी वर बघितलं.

आई बोलत राहिली. भाजी धुताना, केस विंचरताना, जिना उतरताना. आता आपण चप्पल घालू हं, ही बघ डावी, ही उजवी. तिला स्वतःचंच बोलणं फोनवरच्यासारखं वाटायचं, पुढे मी आपली काय मदत करू असं येईल की काय असं. आणि मुंगी ऐकायची नाही, बघायची. आई मोरीकडे तोंड करून बोलायला लागली की मुंगी धावत पुढे येऊन वळसा घालून आईच्या तोंडासमोर उभी राहायची. शब्द तिच्या लेखी ओठांवर असायचे. पाठमोऱ्या आईला शब्द नव्हते. खालच्या मजल्यावरची दोन पोरं दोनदा खेळायला आली. ही बोलतच नाही, असं म्हणून तिसऱ्या वेळी आली नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी मुंगी खिडकीच्या गजांना धरून खाली बघत होती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. परवापासून पुन्हा हेडफोन, पुन्हा आठ ते चार. पाळणाघरवाल्या बाईंनी मूल बोलत नसेल तर जबाबदारी घेणार नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे पुन्हा रजई, पुन्हा ताटल्या. उद्याचा एक दिवस हातात होता.

मुंगी एकदम खिडकीतून वळली आणि पळत आली. खाली काहीतरी विलक्षण दिसलं होतं. चेहरा नुसता फुलला होता, श्वास पुरत नव्हता. तिने आईच्या गुडघ्यांवर हात टेकले आणि ओठ उघडले.

आईने डोळे मिटले.

अडवून धरायचं नाही, डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य तिला तोंडपाठ होतं. तरी तिने मिटले. एकदा, फक्त एकदा, नुसतं आई म्हण. हनुवटीवर छोटे हात आले. चेहरा हलवला गेला, इकडे, तिकडे. गालावर गरम श्वासाच्या फुंकरी लागत होत्या, एकापाठोपाठ एक; शब्द होते ते, तिच्या गालावर येऊन फुटत होते. आईने पापण्या घट्ट धरल्या. मग पापण्यांवर अंगठे आले, त्या उचलायला लागले, नखं लागली. आई थांबली. खालून कुणाची तरी सायकल गेली. श्वास भराभर झाला, तुटक झाला, आणि मग हात निघाले.

आईने डोळे उघडले तेव्हा मुंगी रजईवर जाऊन बसली होती, पाठ करून. पुढ्यात बटणांची ताटली होती. पिवळं पिवळ्यात, निळं निळ्यात.

आई उठून खिडकीशी गेली. खाली रस्ता रिकामा होता. समोरच्या भिंतीवर ऊन, एक उभी केलेली स्कूटर, बाकी काही नाही. जे काही होतं ते निघून गेलं होतं.

ती येऊन मुंगीच्या समोर जमिनीवर बसली. आवाज आवरून, मोठ्याने, एकेक शब्द सोडत तिने विचारलं, "काय दिसलं होतं गं तुला?"

मुंगीने हातातलं बटण त्याच्या जागी ठेवलं. तिने मान वर करून आईच्या ओठांकडे बघितलं, नीट, प्रत्येक नवं काम शिकताना बघायची तसं. आणि मग तिने डोळे मिटून घेतले, घट्ट, सगळा चेहरा आवळून, आणि तशीच बसून राहिली.