वरून दुसरा

"लॉर्न, काय उपटलंस तू?" बेव्ह दारात उभी होती. "माझा फोन मेला, दाराची बेल मेली. बाहेर उणे अठ्ठावीसमध्ये दोन आया कुडकुडतायत."

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई ती. लॉर्नची भीडभाड कधी ठेवली नव्हती. तो इथल्या सगळ्या शाळांचं नेटवर्क सांभाळायचा. त्याच्या हातात नुकताच काढलेला स्विच होता, नेटवर्कच्या तारा जोडायचा डबा. झाडू-बादल्यांच्या खोलीत लोखंडी चौकटीत असे चार डबे एकावर एक बसवलेले, मागून एकमेकांना जोडलेले, चौघांचा कारभार एक. शाळेचे फोन, इंटरनेट, सगळी भिस्त त्यांच्यावर. तीन नंबरचा पंखा खराब झालाय, तो डबा बदला, एवढंच काम होतं. त्यानं वरून मोजलं आणि तिसरा काढला.

"तिसराच काढला गं," तो म्हणाला.

"मग तिसऱ्याला सांग, माझा फोन परत दे म्हणावं."

त्यानं डबा परत बसवला, तारा एकेक करून खोचल्या. काही मिनिटांनी पलीकडे फोन वाजला, पण लॉर्न डबे पुन्हा पुन्हा मोजत राहिला. मागच्या महिन्यात तो भलत्याच शाळेत जाऊन उभा राहिला होता. थोरल्या भावाचं विसरणंही असंच सुरू झालं होतं. म्हणून तर डार्लीननं, त्याच्या बायकोनं, गुरुवारची डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतलेली. सकाळीच तो तिच्यावर खेकसला होता, "रद्द कर. मला काही धाड भरलेली नाही." आणि डबा काढण्याआधी लॅपटॉपवरून त्याचा दिवा लुकलुकवून खात्री करायची, ही रीत कामावरच्या सगळ्यांना त्यानंच शिकवलेली. आज ती त्याच्या ध्यानातही आली नाही.

त्यानं लॅपटॉपवर डब्यांची यादी उघडली. एक, तीन, चार, पाच. दोन नव्हताच. एखादा डबा काढला तरी उरलेले आपले जुने नंबर सोडत नाहीत, हे त्याला तोंडपाठ होतं. म्हणजे तीन नंबर हा वरून दुसरा. त्याला एकदम हायसं वाटलं.

"बघ, माझी चूक नाही. कुणीतरी दोन नंबर काढून नेला, आणि सांगायची अक्कल नाही."

"कुणीतरी?" बेव्हनं दाराच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. "मग हे काय?"

पिवळा कागद चिकटवलेला होता. 'दोन नंबर काढला आहे. वरून मोजू नका, फसाल. – लॉर्न.' तारीख गेल्या ऑक्टोबरची, अक्षर त्याचंच.

"त्या दिवशी दिवसभर इथेच तर होतास. माझ्या टेबलावर कॉफी सांडलीस," बेव्ह हसत म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं.

त्यानं आठवून पाहिलं. कॉफी आठवेना, ऑक्टोबर आठवेना. आपण खरंच इथे आलो होतो का, हेही त्याला सांगता येईना. तो घाबरला होता.

त्यानं दिवा लुकलुकवला. वरून दुसरा लुकलुकला. तो काढून त्यानं नवा बसवला. वीज न देता आधी मागच्या तारा जोडल्या, मगच बटण दाबलं. चालू डबा तसाच जोडला तर कधी कधी तोच कारभारी होऊन बसतो आणि बाकीचे आपलं सगळं विसरतात. हात कुठेच चुकले नाहीत.

मग त्यानं घरी फोन लावला.

"डार्लीन, गुरुवारचं रद्द केलंस?"

"नाही अजून. का रे?"

"राहू दे. गाडी तू चालव."

पिवळ्या कागदावर जुन्या ओळीखाली त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: 'तीन नंबर म्हणजे वरून दुसरा.' पुढे तारीख घातली. ती बेव्हला विचारून घातली.