माफी मागणार नाही

कोबेच्या बंदराजवळच्या एका गोदामात यामिनी पार्टटाइम काम करायची. त्या दिवशी मालाची मोजणी होती. सकाळपासून तिने रॅकच्या रॅक स्कॅन केले, आणि माहिती कॉम्प्युटरला पाठवायच्या ऐनवेळी हातातल्या स्कॅनरने मान टाकली. बॅटरी संपली होती. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन उजळला, पण आतलं सगळं पुसलं गेलं होतं.

"संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माफी मागा," सुपरवायझर मोरिता-सान म्हणाले.

यामिनीच्या डोक्यात तिडीक गेली. बॅटरी टिकत नाही, हे तिने त्यांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा "जपून वापरा" एवढंच उत्तर मिळालं होतं. एरवी ट्रेनमध्ये दुसऱ्याचा धक्का लागला तरी तीच 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणायची. आज मात्र तो शब्द तोंडातून निघेना.

मीटिंगमध्ये ती उभी राहिली. "माल मी पुन्हा मोजेन," ती जपानीत म्हणाली, "पण माफी मागणार नाही. आधी नवी बॅटरी द्या, मगच कामाला हात लावेन."

मग निवृत्तीला आलेल्या ओकुदा-सान पुढे झाल्या आणि त्यांनी आपला स्कॅनर टेबलावर ठेवला. "माझाही जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही." पाठोपाठ आणखी दोघींनी आपापले ठेवले.

मोरिता-सान लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी नव्या बॅटऱ्या आल्या. यामिनीची बॅटरी त्यांनी तिच्यापुढे जवळजवळ आपटलीच. तिने ती शांतपणे बसवली आणि ताठ मानेने पहिल्या रॅककडे निघाली.